‘सोशिक’ म्हणून पाठ थोपटू नका

आपल्या वस्तीत लेकराचं कौतुक करताना एक शब्द हमखास येतो : सोशिक. पडलं तरी रडत नाही, जेवायला उशीर झाला तरी मागत नाही, उन्हात तासभर उभं राहिलं तरी पाणी पाणी करत नाही. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या उपास आणि मार सोसला, त्या समाजात या शब्दाला मान असणारच. तरीही आज या पानावर मला त्याच शब्दाविरुद्ध लिहायचं आहे. कारण काही लेकरं सोसत नसतात, त्यांना कळतच नसतं. पोट रिकामं असतं, पण भूक लागल्याचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचत नाही. लघवी कितीतरी वेळ साचलेली असते, ती अगदी शेवटच्या क्षणी कळते. अंग तापाने भाजत असतं आणि लेकरू खेळत असतं. अशा लेकराची पाठ थोपटली, की घरातले निर्धास्त होतात आणि दुखणं आत वाढत राहतं.

हे मी स्वतःच्या शरीरावरून सांगते आहे. मी ऑटिस्टिक आहे. वय ३४, एका छोट्या छपाईच्या दुकानात डीटीपीचं काम करते. ऑटिझमचं निदान झालं तेव्हा मी २७ वर्षांची होते. तोपर्यंत घरात मी ‘सोशिक’ होते आणि शाळेत ‘हट्टी’. दोन्ही शब्द चुकीचे होते.

ऑटिझम म्हणजे काय, हे आधी थोडक्यात. ही मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण आहे. बोलणं, माणसांत मिसळणं, आवाज-उजेड-स्पर्श सहन होणं, रोजचा क्रम न मोडणं, या सगळ्यांत हा फरक दिसतो. कोणी अजिबात बोलत नाही, कोणी एकाच विषयावर तासभर बोलतं. आईने लाड केले म्हणून किंवा लस टोचली म्हणून ऑटिझम होत नाही. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व धरलं होतं, त्यात ऑटिझम नव्हता. २०१६ च्या कायद्यात प्रकार २१ झाले आणि त्यांत ऑटिझम आला. म्हणजे कायद्याच्या पानावर आम्ही आता आहोत. घरातल्या आणि दवाखान्यातल्या समजुतीत मात्र अजून यायचे आहोत.

आता मूळ मुद्दा. डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा ही पाच ज्ञानेंद्रियं आपण शाळेत पाठ केली. ती बाहेरचं जग सांगतात. पण शरीराच्या आत काय चाललं आहे, हेही आपल्याला सतत कळत असतं. छाती धडधडते, पोटात कावळे ओरडतात, घसा कोरडा पडतो, लघवी लागते, मळमळतं, थंडी वाजते. इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी आतून येणाऱ्या या संवेदनांना १९०६ साली वेगळं नाव दिलं. त्यावरून आज तिला इंटरोसेप्शन म्हणतात. आपण तिला आतली जाणीव म्हणू. हृदय, जठर, आतडी, मूत्राशय यांचे निरोप व्हेगस नावाच्या लांब नसेतून आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून मेंदूकडे जातात. मेंदूतला इन्सुला नावाचा भाग ते निरोप एकत्र करतो. मग आपण म्हणतो, ‘मला भूक लागली.’

अनेक ऑटिस्टिक माणसांत हे निरोप निघतात, पण नीट वाचले जात नाहीत. फोन सायलेंटवर असावा तसं. कॉल येत असतात, आपल्याला पत्ता नसतो. संध्याकाळी फोन हातात घेतला की एकदम चाळीस मिस्ड कॉल दिसतात. माझी भूक अशीच येते. सकाळपासून काही नाही, आणि दुपारी तीनला हात थरथरतात, डोकं गरगरतं, समोरच्यावर उगाच राग निघतो. ती भूक आहे, हे मी आता अनुभवाने ओळखते.

सगळ्या ऑटिस्टिक माणसांचं असंच असतं असं नाही. काहींना आतलं जरुरीपेक्षा जास्त जाणवतं. स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येऊन त्यांना झोप लागत नाही. एकाच माणसात दोन्ही असू शकतं. मला ड्रेसच्या मानेजवळचं लेबल दिवसभर टोचतं, आणि तहान मात्र कळत नाही. घरच्यांना हे ढोंग वाटायचं. ‘लेबल टोचतं अन्‌ तहान कळत नाही होय?’ पण लेबल बाहेरून टोचतं आणि तहान आतून लागते. दोन्हींच्या वाटा वेगळ्या.

संशोधक यावर काम करत आहेत. इंग्लंडमध्ये सारा गार्फिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑटिस्टिक प्रौढांना नाडीला हात न लावता स्वतःच्या छातीचे ठोके मोजायला सांगितले. २०१६ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. इतरांच्या मानाने त्यांची मोजणी जास्त चुकली. गंमत म्हणजे, आपल्याला शरीरातलं बरंच जाणवतं, असंच त्यांनी स्वतःबद्दल सांगितलं होतं. सगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत. पण एवढं त्यातून घ्यावं, की ‘मला काही होत नाही’ हे ऑटिस्टिक माणसाचं उत्तर प्रामाणिक असूनही चुकीचं असू शकतं.

वस्तीत याचा फटका जास्त बसतो. त्याची कारणं आपल्या रोजच्या जगण्यात आहेत.

पहिलं कारण संडासाची रांग. ज्याच्या घरात संडास आहे, त्याला शेवटच्या क्षणी कळलं तरी चार पावलांवर सोय असते. आपल्याकडे अनेकांना डबा किंवा बादली घेऊन सार्वजनिक संडासापर्यंत जावं लागतं आणि तिथे आधीच दहा जणी उभ्या असतात. ज्या मुलीला शेवटच्या दोन मिनिटांतच कळतं, तिला ती रांग कशी झेपणार? मग कपडे खराब होतात. ‘एवढी घोडी झाली तरी’ म्हणून सगळ्यांदेखत बोलणी बसतात. पुढे ती पाणी पिणंच सोडते. त्यातून बद्धकोष्ठ आणि लघवीचा जंतुसंसर्ग होतो. ऑटिस्टिक मुलांत बद्धकोष्ठाचा त्रास मुळात जास्त दिसतो, त्यात ही भर.

दुसरं कारण ऊन. पत्र्याच्या घरात मे महिन्यात दुपारी काय होतं, ते इथल्या वाचकांना सांगायला नको. १४ एप्रिलच्या मिरवणुकीतही लेकरं तासन्‌तास चालतात. बाकीची पाण्यासाठी ओरडतात. आमच्यासारखं एखादं ओरडत नाही. त्याला तहान कळत नाही आणि डीजेच्या आवाजात उरलंसुरलंही कळेनासं होतं. ते एकदम खाली बसतं किंवा ओकतं, तेव्हा लोक धावतात.

तिसरं कारण म्हणजे आपली कौतुकाची सवय. हाताला भाजलं, खिळा लागला, दाढ किडली, तरी लेकरू गप्प. ऑटिस्टिक माणसांना वेदना होतच नाहीत, असा एक समज पूर्वी होता. तो चुकीचा आहे. वेदना असते. ती चेहऱ्यावर वेगळी दिसते, उशिरा दिसते किंवा कुठे दुखतं ते बोट ठेवून सांगता येत नाही. न बोलणारं मूल अचानक डोकं आपटू लागलं, स्वतःला चावू लागलं, जेवण थुंकू लागलं, रात्रभर जागू लागलं, तर पहिला संशय शरीरावर घ्या. कान, दात, पोट, लघवी, पायाची जखम आधी बघा. ‘वेड लागलं’ किंवा ‘बाहेरचं झालं’ म्हणून मारझोड किंवा अंगारे-धुपारे करण्यात जे दोन दिवस जातात, तेवढ्यात किडलेली दाढ गळू धरते.

राग आणि भीतीचंही असंच आहे. राग येतो तेव्हा आधी शरीरात येतो. जबडा आवळतो, कान तापतात, श्वास वाढतो. हे ज्याला कळत नाही, त्याला आपण चिडत चाललो आहोत हेही कळत नाही. एकदम स्फोट होतो आणि लोक म्हणतात, ‘काही कारण नसताना.’ आपल्याला आत्ता नेमकं काय वाटतं आहे हे ओळखता किंवा सांगता न येण्याला अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणतात. सुमारे निम्म्या ऑटिस्टिक माणसांना ही अडचण असते, असं अभ्यासांत दिसलं आहे. अशा मुलाला ‘का रे चिडलास? बोल ना!’ असं चार वेळा विचारून काही मिळत नाही. त्याला शांत जागा द्या, पाणी द्या, आणि शेवटचं कधी खाल्लं ते आठवा.

प्रश्न कसा विचारायचा, हे मला एका परिचारिकेमुळे कळलं. मी विशीत असताना दोन दिवस अंग मोडून आलं होतं. एका दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, ‘पोटात दुखतं का? लघवीला जळजळ होते का?’ मी दोन्हींना ‘नाही’ म्हटलं. मला खरंच तसं काही वाटत नव्हतं. गॅसची गोळी देऊन मला घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला आणि दुसऱ्या दवाखान्यात न्यावं लागलं. तिथल्या परिचारिकेने विचारलं, ‘काल सकाळपासून लघवीला किती वेळा गेलीस? रंग कसा होता?’ मी लगेच सांगितलं : दोन वेळा, गढूळ, चहासारखा. लघवी तपासली, जंतुसंसर्ग निघाला, तो मूत्रपिंडापर्यंत गेला होता. माणूस एक, शरीर एक. पहिल्या प्रश्नाने माझी जाणीव विचारली, ती माझ्याकडे नव्हती. दुसऱ्याने आकडा आणि रंग विचारला, तो माझ्याकडे होता.

माझं सगळं म्हणणं या एका फरकात आहे. ‘भूक लागली का?’ हा प्रश्न आम्हाला विचारू नका. ‘जेवलीस का?’ हा विचारा. आपल्या मराठीत दारातून जाणारासुद्धा ‘जेवलात का?’ म्हणून विचारतो, ती फार चांगली रीत आहे. त्याचं उत्तर हो किंवा नाही असं पक्कं देता येतं. ‘तहान लागली का?’ऐवजी ‘बाटली कुठल्या रेघेपर्यंत आली?’ विचारा. ‘बरं वाटतं का?’ऐवजी कपाळाला हात लावा, थर्मामीटर लावा. जे आतून कळत नाही, ते बाहेरून बघून, मोजून, घड्याळ लावून कळवायचं.

घरात हे असं करता येतं.

पाणी : एका बाटलीवर नेलपॉलिशने चार रेघा मारा. शाळेत जाताना एक, मधल्या सुट्टीत दुसरी, घरी आल्यावर तिसरी, दिवेलागणीला चौथी. उन्हाळ्यात बाटल्या वाढवा.

संडास : उठल्यावर, शाळेआधी, आल्यावर, झोपण्याआधी. लागली असो वा नसो, जायचं. रांग कमी असते ती वेळ शोधा. रात्रीसाठी घरात झाकणाची बादली ठेवायला लाजू नका.

जेवण : ठरलेली वेळ, ठरलेलं माप. काहींना पोट भरल्याचंही कळत नाही, त्यांना ताट एकदाच वाढा. मात्र तोंडात कोंबू नका.

अंघोळ : गरम पाणी मोठ्या माणसाने हात घालून बघावं. मगच मुलाला द्यावं.

अंग बघणं : रविवारी पाय, नखं, कान, डोक्याची त्वचा, चपलेने झालेले फोड बघा. मूल मोठं असेल तर आरसा देऊन त्याचं त्याला बघायला शिकवा. त्याला विचारल्याशिवाय अंगाला हात लावू नका.

पाळी : कॅलेंडरवर खूण करा. अनेक मुलींना पोटात कळ येऊन अंदाज येतो, आमच्यातल्या काहींना येत नाही. तारीख जवळ आली की कापड किंवा पॅड आधीच दप्तरात असावं.

काही खुणा दिसल्या तर लेकरू ‘काही होत नाही’ म्हणत असलं तरी दवाखाना गाठा. सहा-आठ तास लघवी नाही, तीन दिवस शौच नाही, पोट हाताला टणक लागतं, उलट्या थांबत नाहीत, ताप उतरत नाही, चालताना पाय वाचवतो, किंवा वागणं एकाएकी बदललं. जाताना एका कागदावर लिहून न्या : किती वेळा, कधीपासून, कोणता रंग. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘ह्याला दुखणं सांगता येत नाही, तुम्ही हात लावून तपासा.’

ही जाणीव थोडी वाढवताही येते. अमेरिकेतल्या केली माहलर या ऑक्युपेशनल थेरपिस्टने यासाठी पायरीपायरीची पद्धत तयार केली आहे. तिचा गाभा सोपा आहे : एका वेळी शरीराचा एकच भाग घ्यायचा. हात गार पाण्यात घातला, कसा लागला? सुन्न, थंड, मुंग्या आल्यासारखा? पळून आल्यावर छातीवर हात ठेव, ठोके जलद आहेत की सावकाश? ‘चूक’ असं उत्तर नसतं. आपल्या विहारांत मुलांना आनापान शिकवतात, तिथेही हे ध्यानात असू द्या. डोळे मिटून श्वास बघ म्हटलं, की काही मुलांना काहीच जाणवत नाही आणि काहींना इतकं जाणवतं की जीव घाबरतो. अशा मुलाला पोटावर हात ठेवू द्या, डोळे उघडे ठेवू द्या, चालताना तळपायाकडे लक्ष देऊ द्या. चुळबुळ केली म्हणून ओरडू नका.

यावर आया दोन गोष्टी म्हणतात, आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिली : ‘चार घरची धुणीभांडी करून येते मी, घड्याळ कोण बघत बसणार?’ खरं आहे. म्हणून नवं वेळापत्रक करू नका, आधीच ठरलेल्या गोष्टींना ही कामं बांधा. नळ आला की पाणी प्यायचं. शाळेची घंटा झाली की संडासला जायचं. टीव्हीवरची मालिका सुरू झाली की जेवायचं. मोबाइलचा गजर फुकट आहे, तो मोठ्या भावंडाला लावू द्या. आणि हे एकट्या आईचं काम का असावं? बाप, आजी, शेजारीण यांनाही ‘जेवलास का?’ म्हणता येतं. दुसरी गोष्ट : ‘सारखी आठवण करून दिली तर हा स्वतःहून कधी शिकणार?’ चष्मा लावला म्हणून कोणाचे डोळे आळशी होत नाहीत. मी आजही मोबाइलच्या पाच गजरांवर जगते. नोकरी करते, घरात पैसे देते. ते गजर बंद केले तर माझं स्वावलंबन वाढणार नाही, मी दुकानात चक्कर येऊन पडेन.

सरकारकडून काय मिळतं, तेही माहीत हवं. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते, तिच्यात ऑटिझमची लक्षणंही बघायची असतात. पथक आलं की लेकराला घरी ठेवू नका. आशाताईला सांगा, जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मागा. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय ही आरोग्य विमा योजना ऑटिझमसाठी लागू आहे, तिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. आणि २०१६ च्या कायद्याचं कलम २५ लक्षात ठेवा : अपंग व्यक्तीला तपासणीत आणि उपचारात प्राधान्य द्यावं, असं त्यात लिहिलं आहे. ओपीडीच्या रांगेत हे सांगायला लाजू नका. तो आपला हक्क आहे.

दवाखान्यातल्या रांगेसाठी निदान कायदा तरी आहे. वस्तीतल्या रांगेसाठी तो नाही, तिथे आपणच आहोत. म्हणून माझी मागणी छोटी आहे. सकाळी संडासापाशी एखादी आई लेकराचा हात धरून घाईने आली आणि म्हणाली, ‘याला थांबता येत नाही,’ तर ‘आमाला काय थांबता येतं का?’ असं म्हणू नका. बाजूला सरा, त्याला आधी जाऊ द्या. यंदा जयंतीच्या मिरवणुकीत पाण्याचा स्टॉल लावणाऱ्या पोरांनी मागणाऱ्यांना पाणी द्यावंच, पण जे मागत नाही त्याच्याही हातात ग्लास ठेवावा आणि ते पिईपर्यंत तिथे उभं राहावं.